नव्या कानाला पहिले ध्वनिमुद्रण सुचवताना

“शास्त्रीय संगीत ऐकायची फार इच्छा आहे, पण सुरुवात कशापासून करू?” हा प्रश्न मला जळगावात, धुळ्यात, अमळनेरला एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेला आहे, आणि पहिली कित्येक वर्षे मी त्याचे उत्तर चुकीचे देत होतो. बँकेतल्या एका सहकाऱ्याला मी मोठ्या हौसेने पेनड्राइव्ह भरून दिला होता. त्यात साठ-सत्तर ध्वनिमुद्रणे होती, प्रत्येक रागाचा वेगळा फोल्डर होता आणि प्रत्येक फोल्डरात कलाकारांची नावे नीट लिहिलेली होती. सहा महिन्यांनी मी विचारले तेव्हा तो संकोचून म्हणाला, “पहिलंच लावलं होतं साहेब, पण दहा मिनिटं झाली तरी गाणं सुरूच होईना, म्हणून बंद केलं.” ते गाणे पहिल्या क्षणापासून सुरू होते, तो अतिविलंबित, म्हणजे फार संथ लयीच्या झुमरा तालातला बडा ख्याल होता, मोजक्या शब्दांवर रागाचा सावकाश विस्तार करणारा. त्या माणसाच्या कानात काहीही उणे नव्हते. मी मात्र त्याला माझे कपाट उघडून दिले होते आणि त्यातून काय उचलायचे ते त्याच्यावर सोडले होते.

तेव्हापासून मी एक रीत पाळतो, आणि ज्यांना आपल्या घरातल्या किंवा ओळखीतल्या माणसाला या संगीताकडे आणायचे आहे त्यांनीही ती पाळून पाहावी. एका माणसाला एका वेळी एकच ध्वनिमुद्रण सांगावे, ते केव्हा ऐकायचे हे सांगावे आणि त्यात कशाकडे कान द्यायचा ही एकच गोष्ट सांगावी. हे करण्याआधी त्या माणसाला तीन गोष्टी विचाराव्या लागतात. काम करताना तो सहज काय गुणगुणतो, दिवसातला कोणता अर्धा तास त्याचा स्वतःचा असतो, आणि तो कशावर ऐकणार आहे. “आजवरचे सर्वांत श्रेष्ठ ध्वनिमुद्रण कोणते” या प्रश्नावर जाणकारांनी एकमेकांशी खुशाल वाद घालावा. नव्या श्रोत्यासाठी त्या वादातून काहीच हाती लागत नाही, कारण श्रेष्ठ ध्वनिमुद्रण बहुधा तेच असते ज्याला श्रोत्याकडून बरीच पूर्वतयारी हवी असते.

कानात आधीपासून काय आहे

ज्याच्या कानावर लहानपणी भजन पडलेले नाही असा माणूस खान्देशात शोधावा लागेल. कार्तिकातला काकडा, एकादशीचे भजन, मुक्ताईच्या पालखीबरोबर चालणारी दिंडी, अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेतले कीर्तन, यांतून कितीतरी स्वरावली माणसाच्या कानात कायमच्या बसलेल्या असतात. त्याला फक्त त्यांची नावे ठाऊक नसतात. भजनी मंडळातला पेटीवाला उत्तररात्री “आता भैरवी घ्या” असे म्हणतो, आणि मैफलीतला गवईही शेवटी भैरवीच घेतो. म्हणून भजन ऐकणाऱ्या माणसाला पहिले ध्वनिमुद्रण देताना ते भैरवीचे द्यावे असे मला वाटते. तो सूर त्याच्या ओळखीचा असतो, आणि ओळखीच्या सुरात अनोळखी काय घडते आहे हे त्याला पटकन जाणवते.

याचा एक प्रसंग माझ्या मनात स्पष्ट आहे. आमच्या शेजारच्या आजी मूळच्या अमळनेर तालुक्यातल्या. एका सकाळी त्या ओट्यावर सुपात दादर ज्वारी निवडत बसल्या होत्या आणि मी त्यांच्याजवळ मोबाईल ठेवून कुमार गंधर्वांचे एक निर्गुणी भजन लावले. पहिल्या ओळीला त्यांचा हात चालूच होता. दुसऱ्यांदा तीच ओळ वर चढून आली तेव्हा खडे वेचणारी बोटे सुपातच थांबली, आणि भजन संपल्यावर त्या म्हणाल्या, “हाई ते आपलंच भजन शे, पन हाऊ बाबा एकलाच म्हनी ऱ्हायना.” आजींनी नेमके बोट ठेवले होते. भजनात ओळ मंडळी उचलून धरतात. येथे ती ओळ उचलायला कोणी नाही, म्हणून गायक ती स्वतःच पुन्हा पुन्हा उचलतो आणि प्रत्येक वेळी निराळ्या जागी ठेवतो. ख्यालाची सगळी वाट यातूनच पुढे जाते. आजींना पुढच्या आठवड्यात मी कुमारांचीच एक छोटी द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश (ख्यालाची शब्दरचना) ऐकवली, आणि तिच्यातले शब्द नीट कळले नाहीत ही तक्रार करूनही त्यांनी ती पूर्ण ऐकली. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले, क्षयाच्या दीर्घ आजारात त्यांचे गाणे कित्येक वर्षे बंद होते, आणि त्या काळात माळव्यातली लोकगीते व नाथपंथीयांची भजने त्यांच्या कानात मुरली, हे मी त्यांना फार नंतर सांगितले. सातपुडा आणि विंध्य ओलांडला की माळवा लागतो, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पंडित भीमसेन जोशी यांचे अभंग तर बहुतेकांनी ऐकलेलेच असतात. अशा श्रोत्याला मी विचारतो की त्या अभंगात शब्द थांबतात आणि नुसता आकार, म्हणजे ‘आ’वर फिरणारा सूर, चालतो तो भाग तुम्हाला आवडतो की तुम्ही पुढच्या कडव्याची वाट पाहता. आकार आवडत असेल तर तो माणूस ख्यालाच्या उंबरठ्यावर आहे असे खुशाल समजावे आणि त्याच आवाजातला ख्याल त्याच्या हाती द्यावा, कारण ओळखीचा आवाज हा ओळखीच्या रागाइतकाच मोठा आधार असतो. कडव्याची वाट पाहणाऱ्याला अजून काही दिवस अभंग, ठुमरी आणि नाट्यपद यांतच राहू द्यावे. त्याला ओढून नेऊ नये.

नाट्यसंगीताचा रस्ता आता पन्नाशी ओलांडलेल्यांसाठीच उरला आहे असे म्हणतात, पण माझा अनुभव तसा नाही. बालगंधर्वांनी संगीताचे पहिले धडे जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले, आणि मास्टर दीनानाथांची सासुरवाडी, म्हणजे मंगेशकर भावंडांचे आजोळ, शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे थाळनेर, या दोन गोष्टी सांगितल्या की आपल्याकडची तरुण मुलेसुद्धा कान देऊन ऐकतात. नाट्यपदाचा खरा उपयोग असा की त्याच्या बऱ्याच चाली मुळात ख्यालाच्या बंदिशींवर बेतलेल्या आहेत. १९१६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली गवई भास्करबुवा बखले यांच्या होत्या. त्यातले यमन रागातले ‘नाथ हा माझा’ ज्याला पाठ आहे त्याला यमनमधला एखादा द्रुत ख्याल द्यावा आणि एवढेच सांगावे की दोन्ही एकाच अंगणात खेळतात. त्याला ते साम्य स्वतःला सापडू द्यावे. आपण स्वर मोजून दाखवले की त्यातली गोडी निम्मी होते.

फक्त चित्रपटगीतांवर वाढलेल्या मुलांची अडचण निराळी असते. बंदिशीची व्रजभाषा त्यांना कळत नाही आणि शब्द कळत नाहीत म्हणून गाणेच कळत नाही असे त्यांना वाटत राहते. त्यांना पहिल्यांदा वाद्य द्यावे. १९६७ मध्ये निघालेले ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हे शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार यांचे ध्वनिमुद्रण यासाठी मला अजूनही उत्तम वाटते. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात मांडला आहे. अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत राग येतात, कोणताही तुकडा लांबत नाही आणि प्रत्येक वाद्याचा आवाज स्वच्छ वेगळा ऐकू येतो. काही जुने रसिक ते हलके मानतात. मला तसे वाटत नाही, कारण ज्यांनी त्यापासून सुरुवात केली आणि पुढे रात्ररात्र मैफली ऐकल्या अशी कितीतरी माणसे मला भेटलेली आहेत.

किती मिनिटांचे द्यावे

ध्वनिमुद्रणाची लांबी हा रसाइतकाच महत्त्वाचा विषय आहे आणि शिफारस करणारे त्याचा विचार फार कमी करतात. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले तेव्हा गायिकेला जेमतेम तीन मिनिटे मिळत होती, आणि त्या तीन मिनिटांच्या शेवटी त्या स्वतःचे नावही मोठ्याने सांगत. पुढे जवळजवळ अर्धे शतक हीच मर्यादा राहिली. ज्यांना दीड तास एक राग मांडायची सवय त्या गवयांनी तीन-साडेतीन मिनिटांत रागाचे सार कसे बसवले, हा त्या तबकड्यांचा चमत्कार आहे. अब्दुल करीम खाँ यांची भैरवीतली ‘जमुना के तीर’ किंवा झिंझोटीतले ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ऐकताना घाई कोठेही जाणवत नाही. केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साधारण साडेतीन मिनिटांची आहे, आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर भारतातून तीच निवडली गेली. पृथ्वीवरचे काहीच ज्यांनी ऐकलेले नाही अशा श्रोत्यांसाठी निवडलेली ती भैरवी आपल्या शेजाऱ्यालाही निर्धास्तपणे सुचवता येते.

तरीही या जुन्या तबकड्यांबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. त्यांच्यातली खरखर अनुभवी कान बाजूला सारतो. नवा कान मात्र ती खरखर आणि गाणे वेगळे करू शकत नाही आणि आवाजच चिरका आहे असे समजतो. म्हणून तरुण श्रोत्याला तबकडी पहिल्या दिवशी देऊ नये, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर द्यावी. याला माझ्या मते गायक द. वि. पलुस्कर यांचा अपवाद आहे. १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले आणि त्यांचे बरेचसे गाणे तबकड्यांवरच राहिले, पण त्यांचा आवाज इतका निर्मळ आणि उच्चार इतके स्पष्ट आहेत की मागची खरखर कोणाच्याही लक्षात राहत नाही.

नव्या श्रोत्यासाठी सर्वांत सोयीचे माप लाँगप्ले रेकॉर्डचे आहे, कारण तिच्या एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो आणि तेवढ्यात बडा ख्याल, छोटा ख्याल आणि ताना, म्हणजे स्वरांच्या जलद लडी, हे सगळे प्रमाणात मांडावे लागते. किशोरी आमोणकर यांचा भूप राग, ज्यात विलंबित ‘प्रथम सुर साधे’ आणि द्रुत ‘सहेला रे’ आहे, आणि प्रभा अत्रे यांची मारुबिहाग व कलावती या रागांची रेकॉर्ड, ही दोन ध्वनिमुद्रणे मी आजवर सर्वांत जास्त लोकांना दिली असतील. प्रभाताईंची कलावतीतली ‘तन मन धन’ ही बंदिश पहिल्या ऐकण्यातच ओठावर येते, आणि जे ओठावर येते ते माणूस दुसऱ्यांदा लावतो. माझ्या दृष्टीने शिफारस जमली की नाही हे त्या दुसऱ्यांदा लावण्यावरूनच ठरते.

तास-दीड तासाची मैफलीतली ध्वनिमुद्रणे त्यानंतर यावीत. ती देताना आधी सांगून ठेवावे की सुरुवातीला तबला-तंबोरा जुळवण्याचे आवाज येतील, मधे श्रोत्यांची दाद येईल, आणि अतिविलंबित लयीत बारा मात्रांचे एक आवर्तन पूर्ण व्हायला पाऊण ते एक मिनिटही लागू शकते. माझ्या त्या सहकाऱ्याला हे कोणी सांगितलेले नव्हते. गायक अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी या रागांची रेकॉर्ड माझ्या सर्वांत लाडक्या ध्वनिमुद्रणांपैकी आहे, पण तीही मी पहिली म्हणून कोणाला देत नाही. मारव्यात ‘सा’ फार कमी वेळा आणि फार थोडा वेळ भेटतो. घर दिसत राहते पण पाय टेकत नाहीत, अशी हुरहुर त्या रागात आहे. ज्याला अजून घरच ओळखीचे झालेले नाही त्याला ही हुरहुर नुसता कंटाळा वाटू शकते.

केव्हा ऐकायचे

रागांच्या वेळा सांगितल्या की नवे लोक दबतात. चुकीच्या वेळी ऐकले तर काही अपराध घडेल असे त्यांना वाटते. मी तसा धाक घालत नाही, पण वेळ मात्र आवर्जून सांगतो, कारण वेळ सांगितली की माणूस ते ध्वनिमुद्रण कामाच्या गर्दीत लावत नाही, त्यासाठी जागा करतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि घराघरात कूलर घरघरत असतो. वृंदावनी सारंग या रागाची वेळ त्या दुपारचीच खरी, पण कूलरच्या आवाजात तंबोरा पूर्ण बुडतो आणि तंबोरा बुडाला की गाणे अधांतरी होते. त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी कानाला इअरफोन तरी लावावा, नाहीतर दिवस कललेला असताना, ओट्यावर पाणी मारून झाल्यावर, पुरिया धनाश्री किंवा यमन ऐकावा असे मी सुचवतो.

माझा एक मावसभाऊ रावेर तालुक्यात केळी करतो. शेतीची लाईट ज्या आठवड्यात रात्रीची असते त्या आठवड्यात त्याला बाराच्या सुमारास मळ्यात जावे लागते, मोटार सुरू करावी लागते आणि ठिबकचे व्हॉल्व्ह ठरावीक वेळाने बदलत पहाटेपर्यंत जागावे लागते. तो मला म्हणाला, “दादा, रात्री नुसता बसून असतो, मोबाईलवर काहीतरी भलतंसलतं पाहत. मला काहीतरी ऐकायला सांग.” वेळ, एकांत आणि शांतता या तिन्ही गोष्टी ज्याच्याजवळ आहेत असा श्रोता मिळणे हे भाग्यच. मी त्याला भीमसेन जोशी यांचा मालकंस सांगितला आणि सोबत एवढेच सांगितले की सुरुवातीला ते खालच्या सुरांत बराच वेळ थांबतील, तेव्हा पुढे ढकलू नकोस, मोटारीपासून जरा लांब बांधावर बसून ऐक. मालकंसात रिषभ आणि पंचम नसतात, बाकीचे ग, ध, नी कोमल असतात, हे मी त्याला सांगितले नाही. चार दिवसांनी त्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला की पहिल्या दोन रात्री तो मधेच झोपला, तिसऱ्या रात्री मात्र व्हॉल्व्ह बदलायचा राहून गेला. त्याला मी पुढचे काही दिवस दुसरे काहीही सांगितले नाही.

पावसाळ्यासाठी एखादे ध्वनिमुद्रण राखून ठेवावे. मियाँ की मल्हार मार्चमध्ये ऐकवला तर तो एक चांगला राग वाटतो. तोच पहिल्या सरी पडून मातीचा वास सुटलेला असताना ऐकवला तर त्यासाठी मागेपुढे काहीच सांगावे लागत नाही.

सोबत काय सांगावे

१९५५ मध्ये अमेरिकेत उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदची लाँगप्ले रेकॉर्ड निघाली. परदेशी श्रोत्यांसाठी ती पहिलीच तशी रेकॉर्ड होती, तबल्यावर चतुरलाल होते, आणि सुरुवातीला व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी थोडक्यात प्रास्ताविक केले. वाद्ये कोणती, राग कोणता, एवढे सांगून ते बाजूला झाले आणि मग सरोद सुरू झाला. शिफारस करणाऱ्याने कसे बोलावे याचा तो नमुना मला वाटतो. थोडे सांगावे, कानाला एक जागा दाखवावी आणि आपण बाजूला व्हावे.

कानाला जागा दाखवणे म्हणजे काय, हे किशोरीताईंच्या त्याच भूपाच्या उदाहरणाने सांगतो. सोबत बसून ऐकणार असाल तर आधी पेटीवर किंवा नुसते तोंडाने सा, रे, ग, प, ध एवढे पाच स्वर दोनदा म्हणून दाखवावेत आणि “पुढची वीस-पंचवीस मिनिटे या पाचांच्या बाहेर त्या जाणार नाहीत” एवढे सांगावे. ऐकणारा सावध होतो. सहावा स्वर येतो का याची तो वाट पाहू लागतो, आणि वाट पाहता पाहता पाचांमध्ये किती जागा आहे हे त्याच्या लक्षात येऊ लागते. द्रुत बंदिश सुरू झाली की दुसरी जागा दाखवावी. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर धराव्यात, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात बाजूला, आणि काहीही न बोलता नुसते हाताने चालू राहावे. दोन-तीन आवर्तनांत शेजारच्या माणसाचे बोट गुडघ्यावर हलू लागते. मग एखादी लांब तान येते, ती कोठे जाऊन पडणार असे वाटत असतानाच मुखडा, म्हणजे बंदिशीचे सुरुवातीचे शब्द, उचलला जातो आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, गाणे व तबला एकत्र येऊन पडतात. त्या क्षणी त्याची मान आपोआप हलते. सम म्हणजे काय हे त्याला आता शब्दांत सांगायची गरज उरत नाही.

लांबच्या माणसाला व्हॉट्सॲपवर सांगायचे असेल तर मी साधारण असा मजकूर पाठवतो: “ही सोबतची एकच लिंक आहे. आज रात्री जेवणानंतर, इअरफोन लावून, दिवा मंद करून ऐका. पहिली पाच मिनिटे फार हळू वाटतील, ती तशीच असतात. बंदिशीचे पहिले दोन शब्द लक्षात ठेवा आणि ते परत कधी येतात एवढेच पाहा. आवडले नाही तर स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.” शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. आवडले नाही हे सांगायला संकोचणारा माणूस पुढच्या वेळी विचारतच नाही.

काय सांगू नये तेही थोडक्यात सांगतो. घराण्यांची नावे, थाट, वादी-संवादी आणि कोण कोणाचा शिष्य ही माहिती पहिल्या दिवशी देऊ नये. “हे फार मोठे गाणे आहे” असे तर मुळीच म्हणू नये, कारण तसे म्हटल्यावर न आवडणाऱ्या माणसाला आपणच उणे आहोत असे वाटते. आपल्याला अतिशय प्रिय असलेली जागा येण्याआधी “आता ऐका, आता ऐका” असे म्हणून समोरच्याच्या तोंडाकडे पाहत राहू नये. हे आवरणे मला आजही जड जाते.

कशावर ऐकणार

मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याची खर्जाची तार ऐकूच येत नाही. निम्मे गाणे तेथेच हरवते आणि उरलेले टोचरे वाटते. साध्या दोन-तीनशे रुपयांच्या वायरच्या इअरफोनने फार मोठा फरक पडतो, म्हणून मी ध्वनिमुद्रण सांगण्याआधी इअरफोन आहे का हे विचारतो.

यूट्यूबवर एकाच ध्वनिमुद्रणाच्या अनेक प्रती असतात आणि त्यांतल्या काहींवर रागाचे किंवा कलाकाराचे नाव चुकीचे असते. काही प्रती चुकीच्या वेगाने उतरवलेल्या असतात. वेग वाढला की पट्टी चढते, म्हणजे सूर उंच होतात, आणि भारदस्त आवाज पोरकट वाटू लागतो. त्यामुळे “अमक्याचा बागेश्री ऐका” असे मोघम सांगून थांबू नये. आपण स्वतः पूर्ण ऐकलेली, शक्यतो मूळ रेकॉर्ड कंपनीने चढवलेली प्रतच पाठवावी. आलाप ऐन रंगात असताना मधेच जाहिरात सुरू होणे हा नव्या श्रोत्यावर मोठा अन्याय आहे. शक्य असेल तर गाणे उतरवून घेऊन त्याला द्यावे किंवा कॅसेट-सीडी असेल तर ती द्यावी. आकाशवाणीचा ‘रागम्’ हा चोवीस तास शास्त्रीय संगीताला वाहिलेला चॅनल २०१६ पासून सुरू आहे आणि तो मोबाईलवर ऐकता येतो. तेथे निवड आपल्या हाती नसते, पण जाहिरातींचा त्रास नसतो आणि निवेदक राग, कलाकार, साथीदार सांगतो. थोडे ऐकून झालेल्या श्रोत्याला मी तो लावून ठेवायला सांगतो.

पुढची पायरी

ध्वनिमुद्रण दिल्यावर आठवडाभर थांबावे. नंतर “कसे वाटले?” असे विचारले तर “छान” एवढेच उत्तर येते, म्हणून “कोठे बंद केलेस?” असे विचारावे. तिसऱ्या मिनिटाला बंद केले असेल तर लय फार संथ होती. ताना सुरू झाल्यावर केले असेल तर त्याला आलापीचे, विश्रांतीचे गाणे हवे आहे. सुरुवातीलाच केले असेल तर बहुधा तो आवाज त्याला रुचला नाही. आवाज रुचला नसेल तर राग तोच ठेवून आवाज बदलावा, गायकाऐवजी गायिका किंवा कंठाऐवजी सतार द्यावी. एकच राग दोघांकडून ऐकल्यावर बहुतेकांना राग या गोष्टीचा अर्थ प्रथम उमगतो. मालकंसानंतर लगेच दरबारी, मग बागेश्री, असे भराभर पुढे जाण्यापेक्षा दोन मालकंस ऐकवणे फार फलदायी ठरते.

चार-सहा ध्वनिमुद्रणे मनापासून ऐकून झाली की त्या माणसाला प्रत्यक्ष मैफलीला न्यावे. जळगावात जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालत आलेला आहे आणि तो डिसेंबरात असतो. नव्या श्रोत्याला पहिल्यांदा पुण्याला नेण्यापेक्षा जळगावला नेलेले बरे, कारण तेथे कंटाळा आला तर उठून घरी जाता येते आणि समोरचा कलाकार जवळून दिसतो. गायक षड्ज लावण्यापूर्वी डोळे मिटून तंबोऱ्याकडे कान देतो हे एकदा डोळ्यांनी पाहिले की घरी इअरफोनमध्ये तंबोरा वेगळा ऐकू येऊ लागतो.

माझ्या मावसभावाचा मागच्या महिन्यात पुन्हा फोन आला. पहाटे चारला लाईट जाते, मोटार बंद होते आणि मळ्यातून घरी येताना एकदम सगळे शांत होते, त्या वेळेसाठी काहीतरी सांग, असे तो म्हणाला. मी त्याला अमीर खाँसाहेबांचा ललत राग सांगितला, आणि ‘यात दोन मध्यम शेजारी शेजारी येतात, त्यांच्यातली फट ऐक’ एवढी एकच गोष्ट सोबत दिली. त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला मेघ आहे. तो मात्र मृगाचा पाऊस केळीच्या पानांवर वाजू लागेपर्यंत लावू नकोस, असे मी त्याला बजावले आहे.